रंगाचा हात, कोळशाचा हात

९ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र मिळालं. प्रश्नांची उत्तरं क्रमानं देते.

नाही, असिस्टंट म्हणजे मॅडमच्या पिशव्या उचलणारी नव्हे. मॅडम माझ्या मार्गदर्शक आहेत. त्यांना पाण्याच्या एका प्रकल्पासाठी अनुदान मिळालं आहे. त्यातून माझी फी भरली जाते आणि खोलीभाडं, जेवण भागून एखादं पुस्तक घेता येईल एवढं विद्यावेतन मिळतं. बदल्यात मी प्रकल्पाचं काम करते आणि त्याच कामातून माझा प्रबंध उभा राहतो. याला रिसर्च असिस्टंटशिप म्हणतात. तुमच्या पोस्टातला सहायक शिक्के मारायचा, मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. फरक आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही.

हो, ती कायमची नाही. अनुदान या उन्हाळ्यात संपतं. एप्रिलमध्ये समिती बसेल. तोवर दाखवण्यासारखा निष्कर्ष हाती असला तर आणखी तीन वर्षं मिळतील आणि माझी पीएचडी पुरी होईल. नसला तर मला खोली सोडून परत यावं लागेल. फी भरायची तुमची तयारी आहे हे वाचलं. मी ती घेणार नाही. कारण विचारू नका. विचारलंत तर हेच वाक्य पुन्हा लिहीन.

आता तुमच्याकडे काम आहे.

इथून जवळ चुनखडीचं एक पठार आहे. वर एक ओढा वाहतो आणि एका खड्ड्यात शिरून नाहीसा होतो. पठाराच्या पायथ्याला दोन झरे आहेत. पश्चिमेच्या झऱ्याचं पाणी शहराच्या नळांना येतं. पूर्वेच्या झऱ्यावर एक लहान वस्ती आहे. ओढ्याचं पाणी डोंगराच्या पोटातून कुठल्या झऱ्याला जातं, हे कोणालाच ठाऊक नाही. आम्ही ते शोधतो आहोत. वर खड्ड्यात निरुपद्रवी रंग ओतायचा आणि खाली झऱ्यांत कोळशाच्या पुरचुंड्या टांगायच्या. पाण्यातून रंग आला तर कोळसा तो शोषून घेतो. डोळ्यांना काही दिसत नाही, प्रयोगशाळेतल्या यंत्राला दिसतं. ते यंत्र इतकं तिखट आहे की रंगाची भुकटी हाताळलेल्या माणसानं पुरचुंडीला नुसतं बोट लावलं तरी ते म्हणेल, रंग आला. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे: रंगाचा हात वेगळा, कोळशाचा हात वेगळा. ही दोन माणसं एका गाडीत बसत नाहीत आणि एका टेबलावर जेवत नाहीत.

अडचण अशी की अनुदानात असिस्टंटशिप एकच आहे, ती माझी. मॅडमची कंबर धरली आहे, त्यांना पठार चढवत नाही. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी एक धाकटी विद्यार्थिनी बसते. तिला आम्ही थर्मास म्हणतो, कारण थर्मासशिवाय तिला कोणी पाहिलेलं नाही. ती यायला एका पायावर तयार आहे, पण तिची असिस्टंटशिप शिकवण्याची आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासायच्या टाकून ती आली तर तिचं विद्यावेतन कापतात. मॅडमनी विचारलं, "घरातलं कोणी विश्वासू आहे का?" मी तुमचं नाव सांगितलं. यात भावनेचा भाग नाही. सांगितलेलं काम सांगितलं तसं करणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

अटी अशा. जुने कपडे घालून या, ते वरच टाकून जायचे. मी पठारावर येणार नाही, तुम्ही खाली उतरायचं नाही. काम झालं की परस्पर घरी. पुढे तीन आठवडे माझ्याकडे काहीही पाठवायचं नाही. मामीचा डबासुद्धा नाही.

जमेल का ते कळवा.

भाची

१८ जानेवारी

चि. शास्त्रीणबाईंस,

मामाचे उलट टपाली आशीर्वाद.

येतो. न येऊन सांगतो कुणाला? निवृत्तीनंतर मला पहिल्यांदाच कुणीतरी कामाला बोलावलं आहे. एवढंच कळव की सहायकाच्या सहायकाला काय म्हणतात, म्हणजे दारावर तशी पाटी रंगवून घेतो.

तुझ्या मामीला अटी वाचून दाखवल्या. तिचा शेरा जसाच्या तसा देतो: "भाचीच्या गावाला जायचं, भाचीचं तोंड पाहायचं नाही, आणि अंगावरचे कपडे रानात टाकून यायचे! उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? वाटेत लुटले म्हणून?" मी म्हटलं, विज्ञान असंच असतं. ती म्हणाली, "विज्ञान असेल, पण भाची तुमच्या बहिणीवर गेली आहे. बोलावते पण बसा म्हणत नाही."

तुझ्या आईला मी काही बोललो नाही. ताईला वाटतं मी हवापालटाला चाललोय.

पैशाचा विषय मी काढला, तू मिटवलास. पुन्हा काढणार नाही. निदान या पत्रात तरी नाही.

मामा

६ फेब्रुवारी
पठारावरच्या विश्रामगृहातून

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

कामगिरी फत्ते. डब्यावर 'हिरवा रंग' असं लिहिलं होतं, पण आतली भुकटी विटकरी होती. मी म्हटलं, ही कसली हिरवी? आणि पाण्यात पडताच काय सांगू, पोपटाला लाज वाटावी! पाण्याच्या आत कुणी दिवा लावल्यासारखा ओढा पेटला आणि तसाच पेटलेला खड्ड्यात उतरला. विश्रामगृहाचा चौकीदार बरोबर होता, तो तर दोन पावलं मागे सरला. "साहेब, पाण्याला झालं तरी काय?" मी म्हटलं, "काही नाही बाबा, रंगीत तालीम आहे."

सगळं तू सांगितल्याप्रमाणे केलं. डबा रिकामा झाल्यावर तिथेच तीनदा विसळला. हातमोजे पुरले. हात साबणानं धुतले आणि मग राखेनं घासले. कपड्यांचं बोचकं चौकीदाराला जाळायला दिलं. तो हळहळला, सदरा चांगला होता म्हणाला. उद्या पहाटेच्या गाडीनं परस्पर घरी निघतो.

काही पाठवू नका म्हणालीस ते ध्यानात आहे. मामीनं दिलेला डबा मीच संपवला. पण झाल्या कामाची वर्दी ही काही वस्तू नव्हे. आमच्या कचेरीत भिंतीवर एकच वाक्य होतं, दिवसाची डाक दिवसाला. काम करून गप्प बसणं मला कधी जमलं नाही. चौकीदार खाली चालला आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो.

तुला एकदा वरून हाक मारावीशी वाटली होती. मारली नाही. अट पाळली.

मामा

२३ फेब्रुवारी

मामा,

रंग आला. पश्चिमेच्या झऱ्यात.

यंत्राच्या पडद्यावर रेघ चढताना पाहिली तेव्हा मॅडम खुर्चीतून उठल्या, कंबर विसरून. म्हणजे ओढ्याचं पाणी शहराच्या नळांना जातं. शहराचा प्रश्न म्हटल्यावर समितीला दुसरं कारण लागणार नाही. मॅडमनी मुदतवाढीच्या अर्जात निष्कर्ष लिहून टाकला आहे. यंत्रावर आम्हाला वेळ थोडा मिळाला होता, म्हणून झऱ्यांतल्या पुरचुंड्या आधी तपासल्या आणि कोऱ्या मागे ठेवल्या. कोरी पुरचुंडी म्हणजे जी पाण्यात न बुडवता नुसती पिशवीतून झऱ्यापर्यंत नेऊन आणतात. तिच्यात काही निघायला नको असतं. तेवढं तपासून झालं की काम पुरं.

तुमचं पठारावरचं पत्र पोचलं होतं. पश्चिमेच्या झऱ्यावर निघताना खोलीला कुलूप लावता लावता हातात पडलं. जाकिटाच्या खिशात टाकलं आणि तिथे गेल्यावर दगडावर बसून वाचलं. नंतर कामाला लागले. तुम्ही चांगलं लिहिता.

तुम्ही आलात म्हणून हे झालं. हे मी पत्रातच सांगू शकते, म्हणून सांगून ठेवते.

भाची

१ मार्च

चि. भाचीबाई,

शाब्बास! शाब्बास! शाब्बास! शिक्का तीनदा मारला, कारण एकदा मारलेला पुसट उठतो.

सकाळी दाढीला बसलो होतो, तिथेच पत्र उघडलं. न्हाव्यानं अर्धी दाढी तशीच ठेवून विचारलं, "म्हणजे आता नळाला हिरवं पाणी येणार का?" त्याला समजावून सांगेपर्यंत साबण वाळला. औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, जुन्या कचेरीत जाऊन सांगितलं, आणि शेवटी ताईलाही सांगितलं. ती आधी हवापालटावरून माझ्यावर उखडली, मग डोळे पुसत बसली. मामीचं म्हणणं पडलं, "रंग यांनी ओतला, तेव्हा निम्मी पीएचडी यांची. दारावर पाटी लावायचीच असेल तर तशी लावा."

तीन वर्षं म्हणजे चैन झाली. आता खोली बदल. तुझ्या त्या खोलीच्या खिडकीतून भिंत दिसते असं तू एकदा लिहिलं होतंस. मी विसरलेलो नाही.

मामा

१९ मार्च

मामा,

निष्कर्ष मागे घेतला आहे. कार्यपद्धतीत दोष निघाला. अर्जातून ते वाक्य काढलं. समिती बारा एप्रिलला बसेल, आणि तिच्यापुढे ठेवायला आता आमच्याकडे निष्कर्ष नाही.

ज्यांना सांगितलंत त्यांना इतक्यात काही सांगू नका. आईला मी सांगेन. माझी प्रकृती ठीक आहे. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

भाची

२५ मार्च

चि. भाचीस,

हे काय पत्र म्हणायचं? याहून मोठ्या तारा मी रोज डोळ्यांखालून घातल्या आहेत.

'कार्यपद्धतीत दोष.' कुणाच्या? तुझ्या? तू लहानपणी पेन्सिलीला टोक करायचीस तेसुद्धा पट्टीनं मोजून. माझ्या? मी तुझं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. मग उरलं कोण? मी सरकारी कचेरीत आयुष्य काढलंय बाई. काम खालच्यानं करायचं, वरच्यानं सही ठोकायची, आणि उलटलं की खालच्याच्या नावावर दोष, ही रीत मला नवी नाही. तुझ्या मॅडमनी अर्जात वाक्य घाईनं घातलं, आता अंगाशी आलं तर तुला पुढे करताहेत. तू सांगणार नाहीस. तू दाढ दुखत असली तरी सांगायची नाहीस.

म्हणून मी तुझ्या मॅडमना सरळ पत्र लिहिलं आहे. भाषा सभ्य ठेवली, फक्त शेवटचा परिच्छेद जरा मोकळा झाला. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आता विचारून उपयोग नाही, पत्र काल पेटीत पडलं.

मामा

३ एप्रिल

मामा,

चोर सोडून तुम्ही संन्याशाला फाशी दिलीत. तेव्हा मला लिहिणं भाग आहे. बसून वाचा.

मागे ठेवलेल्या कोऱ्या पुरचुंड्या मार्चच्या सुरुवातीला यंत्राखाली घातल्या. एका कोऱ्या पुरचुंडीत रंग निघाला. ती पश्चिमेच्या झऱ्यावर नेलेल्या पिशवीतली होती. तिला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. म्हणजे रंग झऱ्यातून आला नव्हता, माझ्याकडून आला होता. ती तपासली नसती तरी कोणी विचारलं नसतं.

मग मी माझं सगळं सामान अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे एक जांभळा दिवा आहे, त्याच्या उजेडात हा रंग चमकतो. पिशवी बाहेरून स्वच्छ होती. बूट स्वच्छ. जाकिटाचा उजवा खिसा आतून हिरवा झाला होता. त्या खिशात तुमचं पत्र होतं. उघडून धरलं तर 'रंगीत तालीम' या शब्दांच्या शेजारी तुमचा अंगठा उमटला होता. मामा, अंगठ्याच्या रेघासुद्धा मोजता आल्या असत्या. ही भुकटी राखेला दाद देत नाही. नखांच्या कडेला बसते आणि आठवडाभर निघत नाही.

पूर्वेच्या झऱ्यावर मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जाकिटात गेले, म्हणून तिकडे काही दिसलं नाही.

मी तुमच्यापासून हे लपवलं. तुम्ही मनाला लावून घ्याल आणि जेवणार नाही, असा माझा हिशेब होता. त्याऐवजी तुम्ही मॅडमना पत्र लिहिलंत. हिशेब चुकला.

दोष कोणाचा, हेही नीट ठरवून टाकू. तुम्ही जन्मभर जे केलंत तेच केलं. नियम माझा होता, आणि तो का आहे हे मला माहीत होतं. वरून आलेला कागद मी झऱ्यावर नेला आणि त्याच हातांनी पुरचुंड्या बदलल्या, कारण तो तुमचा होता आणि मला संध्याकाळपर्यंत धीर धरवला नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर मी तो चिमट्यानं धरला असता.

मॅडमबद्दल. मी कोऱ्या पुरचुंडीचा आकडा त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "असिस्टंटशिप तुझी जाते आहे, म्हणून तुला विचारते. वाक्य काढू?" मी काढा म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर काढलं. तुमचं पत्र आल्यावर त्यांनी ते मला वाचायला दिलं. फक्त एवढंच म्हणाल्या, "मामांचं अक्षर सुंदर आहे. शेवटचा परिच्छेद मी वाचला नाही असं समज."

बारा तारखेला समितीपुढे मी स्वतः बोलणार आहे. मॅडमनी परवानगी दिली आहे. माफी मागायला जात नाही. चूक का झाली ते सांगणार आहे, आणि ते अगदी साधं आहे. दोन हातांचं काम एका असिस्टंटशिपवर काढलं, आणि दुसरा हात घरून उसना आणावा लागला. मी दोन असिस्टंटशिप मागणार आहे. कदाचित एकही मिळणार नाही. पण एका हातानं हे काम पुन्हा करायचं नाही, एवढं माझं ठरलं आहे.

यावर तुम्ही काही करायचं नाही. पत्रही नाही. मला सोडून कुणालाच.

भाची

८ एप्रिल

चि. भाचीस,

मॅडमना दुसरं पत्र लिहायला घेतलं होतं, माफीचं. तुझं शेवटचं वाक्य वाचून फाडलं. त्यांना तूच सांग, की म्हातारा तोंडाचा फाटका आहे पण चुकला तर चुकलो म्हणतो.

तुझ्या मामीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आयुष्यभर जगाची पत्रं वेळेवर पोचवलीत. एकच पोचायला नको होतं, तेच नेमकं पोचवलंत." तिनं आजवर मला पुष्कळ बोल लावलेत, पण हा मात्र बसला. जेवलो. अर्धं जेवलो, पण जेवलो.

न्हाव्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे पाणी हिरवं नाही, तुम्हीच हिरवे." चालायचंच.

दोष तू आपल्याकडे ओढून घेतेस ते मला मान्य नाही. 'काही पाठवू नका' यात पत्र येत नाही, असा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. काम झाल्यावर 'झालं' म्हटलं की समोरून 'बरं' ऐकायची सवय. ते 'बरं' मला त्याच दिवशी हवं होतं. एवढीच गोष्ट.

पण एक विचारतो. दोन मागशील आणि एकही मिळाली नाही तर? एक मागितली तर निदान एक पदरात पडेल. तुझ्या आईनं तुला तिकडे पाठवताना काय काय केलं ते तुला मी सांगायला नको. हट्टाला पेटू नकोस असं म्हणत नाही. एवढंच विचारतो की त्या टेबलापुढे उभं राहताना तुझ्याजवळ कोण असेल?

मामा

१४ मे

चि. भाचीस,

समिती होऊन महिना झाला. ताईला तू फोनवर "काम चालू आहे" एवढंच सांगितलंस. कुठलं काम, कुणाच्या पैशावर, कोण जाणे. मी मॅडमना लिहिलेलं नाही, कुणालाच लिहिलेलं नाही. न लिहिणं हे किती कष्टाचं काम आहे याची तुला कल्पना नाही.

सवडीनं लिही. पण लिही.

मामा

२७ जून

मामा,

मुद्दाम थांबले होते. या वेळी कोऱ्या पुरचुंड्या तपासल्याशिवाय कोणालाच काही कळवायचं नाही, असं ठरवलं होतं. तुमच्या वाट्याला सगळ्यात जास्त थांबणं आलं, हे मला माहीत आहे.

तुमचा प्रश्न होता, टेबलापुढे माझ्याजवळ कोण असेल. मॅडम शेजारी बसल्या होत्या, पण बोलल्या नाहीत. मीच सांगितलं होतं. समितीत पाचजण. मी रंग, कोळसा, खिसा, अंगठा सगळं क्रमानं सांगितलं. अंगठ्यापाशी एकजण हसला. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे हे सगळं तुमच्या मामांमुळे झालं?"

"नाही. तुम्ही असिस्टंटशिप एकच दिली होती, म्हणून मामा आले."

"दोन माणसं लागतात हे अर्जात का लिहिलं नव्हतं?"

"लिहिलं होतं. दोन मागितल्या होत्या. समितीनं एक कापली."

यावर त्यांनी कागद मागेपुढे केले. मग शेजारच्या बाईंशी कुजबुजले आणि म्हणाले, "मुली, पैसा आहे तेवढाच आहे. तो वाढणार नाही. एकीला तीन वर्षं, नाहीतर दोघींना दीड. तुझी पीएचडी यावर आहे. घरी जा, वडीलधाऱ्यांशी बोल, दोन दिवसांनी सांग."

"विचार झाला आहे. दोघींना दीड."

मॅडम खोकल्या. ते खोकणं खरं नव्हतं, पण मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

थर्मास बाहेर जिन्यावर बसली होती. मी म्हटलं, "तुझ्या वह्या संपल्या." तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर रडली, मग भांडली. "अगं बावळट, दीड वर्षात तुझं कसं होणार?" "होणार नाही." "मग?" "मग पुन्हा अर्ज." ती म्हणाली, "तू ना, माणूस नाहीस, मोजपट्टी आहेस." तुमच्याशी तिची गाठ घालून द्यायला हवी. तुमचं जमेल.

मे महिन्यात काम पुन्हा केलं. जुन्या हिरव्या रंगाचा अंश डोंगराच्या पोटात असणार, म्हणून या वेळी लाल. रंगाचा हात मी घेतला, थर्मासनं कोळशाचा. मला वाटलं होतं की झऱ्यांपासून लांब राहणं सोपं जाईल. नाही गेलं. ती पुरचुंड्या घेऊन यायची आणि मी प्रयोगशाळेच्या बाहेर उभी राहायचे. ती काचेमागून बोटांनी खुणा करायची, त्या मला वाचता यायच्या नाहीत. काम करून गप्प बसणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

काल कोऱ्या पुरचुंड्या आधी तपासल्या. सगळ्या स्वच्छ. मग झऱ्यांतल्या. पश्चिमेच्या झऱ्यात काही नाही, एकीतही नाही. पूर्वेच्या झऱ्यातल्या चारही पुरचुंड्यांत लाल रंग. पहिलीत थोडा, दुसरीत खूप, मग उतरत गेलेला, जसा खऱ्या पाण्यातून येतो तसा.

म्हणजे फेब्रुवारीचं आमचं उत्तर नुसतं डागाळलेलं नव्हतं, चुकीचं होतं. तेव्हा पूर्वेला रंग पोचायच्या आधीच मी तिथल्या पुरचुंड्या काढल्या होत्या. ते तसंच राहिलं असतं तर मला तीन वर्षं मिळाली असती आणि पूर्वेच्या वस्तीला कोणी विचारलं नसतं. ओढा पठारावरची जी घाण घेऊन जातो ती त्यांच्या हंड्यात जाते. थर्मासनं तिथे पाणी भरणाऱ्या एका आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचं पाणी कुठून येतं हे विचारायला तुम्हीच पहिल्या आलात. आता कुठून येतं ते कळलं, तर त्याचं काय करणार तेही सांगून जा."

तेच आता पुढचं काम आहे, आणि ते कठीण आहे. शहराच्या पाणी खात्यानं आमचा अहवाल वाचून सुटकेचा निःश्वास टाकला. हा आपला प्रश्न नाही, असं त्यांचं म्हणणं. शहराचं पाणी निघालं असतं तर पैसा चालून आला असता. वस्ती लहान आहे. खरं उत्तर कमी सोयीचं निघालं.

मामी विचारेल, दीड वर्षानंतर काय? तिला सांगा, तोवर मी पूर्वेच्या झऱ्याचं वर्षभराचं मोजमाप उभं करते. पावसाळ्यात काय येतं, उन्हाळ्यात काय, पाणी किती दिवसांत वरून खाली पोचतं. एवढं हातात असलं की प्रश्न लहान म्हणता येत नाही. मग त्याच टेबलापुढे जाईन. त्या पाचजणांना मी आता ओळखते आणि ते मला. मॅडम म्हणतात, पुढच्या खेपेला जरा कमी मागून बघ. मी मोजून पाहिलं. रंगाला एक, कोळशाला एक, आणि वस्तीत राहून रोज पाणी मोजायला एक.

तीन मागणार आहे.

भाची